घर विकताना घरातल्या बाईने काय सांगावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार लोकांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला अत्तर लावायचे आणि सहलीच्या दिवशी डबे मोजून घ्यायचे, एवढीच कामे मी आजवर मंडळात केली. माझे शिक्षण मुरबाडकडच्या खेड्यात सातवीपर्यंत झाले. पण गेल्या महिन्यात भजन संपल्यावर घरांच्या विक्रीचा विषय निघाला, मी आमच्या घराची हकीकत सांगितली, आणि चिटणीसबाईंनी तिथल्या तिथे वहीत माझे नाव टिपून घेतले. तेव्हा जे काही चुकेल त्याचा निम्मा दोष त्यांचा.

विषय तुम्हा सर्वांच्या घरातला आहे. आपल्या कल्याणात हल्ली कोणाचे ना कोणाचे घर विकायला काढलेले असतेच. मुले मोठी झाली, खोली पुरत नाही. जिने चढवत नाहीत. इमारत जुनी झाली. आपले वाडवडील म्हणत आले, लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून. मी म्हणते, घर पाहावे विकून. माणसाची खरी परीक्षा तिथे होते.

आमचे पहिले घर वालधुनीच्या बाजूला होते. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. २००३ साली घेतले आणि ह्यांनी माझे नावही कागदावर घातले, त्याचे मला त्या वेळी फार अप्रूप वाटले होते. नदी तशी जवळ होती, पण तिचे रूप नाल्यासारखे. तिची भीती वाटावी असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मग २६ जुलै २००५ उजाडला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर वर्तमानपत्रात वाचले. आमच्याकडे किती पडला ते मोजायला कोणाला सवड नव्हती. हे मुंबईला कामावर, गाड्या बंद. घरात मी, सासूबाई आणि दोन वर्षांची थोरली. संध्याकाळी आधी मोरीतून बुडबुड आवाज आला, मग मागच्या गल्लीतून पाणी आले, आणि भाकरी उलटायला लागतो तेवढ्या वेळात ते चुलीच्या ओट्याला टेकले. सासूबाईंना पुढे घालून, मुलीला खांद्यावर घेऊन मी दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेले. रात्रभर खालून भांडी भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. हे तिसऱ्या दिवशी रुळावरून चालत घरी आले.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक रेघ राहिली. माझ्या छातीइतकी उंच. तिच्यावर आम्ही किती वेळा रंग काढला असेल! दरवर्षी श्रावणात त्याच उंचीवर पोपडे सुटायचे आणि खारवट पांढरी भुकटी गळायची. मी त्या रेघेला धरून संसार लावला. धान्याचे डबे रेघेच्या वर, मुलींचे दाखले आणि घराचे कागद माळ्यावर, कपाट विटांवर. २७ जुलै २०१९ ला, ज्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, त्या दिवशीही आमच्या घरात पोटरीभर पाणी आले. पण तोवर मी तरबेज झाले होते. अर्ध्या तासात सगळे वर.

आता हे सगळे कोणाला ठाऊक होते? मला आणि सासूबाईंना. हे सकाळी सातला जायचे आणि रात्री नऊला यायचे. कोणत्या भिंतीला ओल येते, कोणत्या महिन्यात येते, नळाला पाणी किती वाजता आणि किती जोराने येते, कोणता चेंबर तुंबला की कोणाच्या मोरीत पाणी उलटे येते, वरच्या बिऱ्हाडाने न्हाणीघर धुतले की आपल्या छताचा कोणता कोपरा काळा पडतो, हे घरातल्या बाईला पाठ असते. पुरुषांना घर रविवारपुरते माहीत. आणि विकायची वेळ आली की बोलणी कोण करतो? पुरुष, दलाल आणि घेणाऱ्याकडचे पुरुष. आपण आतून चहा पाठवतो. म्हणजे ज्याला बोलायचे असते त्याला ठाऊक नसते, आणि जिला ठाऊक असते तिला कोणी बोलवत नाही. हेच सांगायला मी आज उभी आहे.

२०२२ च्या सुरुवातीला आम्ही घर विकायला काढले. पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरचे घर पाहून ठेवले होते, त्याला टोकन दिले होते, आणि उरलेली रक्कम मे अखेर द्यायची बोली होती. दलालाने पहिल्याच दिवशी सल्ला दिला, “वहिनी, घर पावसाच्या आत काढा. पावसाळ्यात तळमजला दाखवायचा नसतो.” त्यानेच माणूस पाठवून भिंती खरवडून घेतल्या, पुट्टी मारली आणि वर फिक्या पिवळ्या रंगाचा हात दिला. माझी रेघ सतरा वर्षांनी पहिल्यांदा दिसेनाशी झाली. मला मोठे छान वाटले, हे लपवत नाही. घर पाहून सासूबाई म्हणाल्या, “आधीच असं केलं असतंस तर मलाही चार वर्षं नीट राहता आलं असतं!”

पहिलेच गिऱ्हाईक आले ते एक तरुण जोडपे. कडेवर सहा-सात महिन्यांचे मूल. अठरा लाख पन्नास हजारांवर बोलणे आले. पुरुष मंडळी बाहेर बसली, आणि ती मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. ओट्यावर हात फिरवला, खिडकी उघडून पाहिली, आणि चहा गाळता गाळता मला विचारले, “वहिनी, पावसात इथे कसं असतं हो?”

मी काय सांगितले ते ऐका. मी म्हटले, “पाऊस काय, सगळीकडेच असतो.”

तिने मान हलवली. तिला वाटले, उत्तर मिळाले. मग ती बाहेरच्या खोलीत जाऊन छताला पाळण्याचा हूक कुठे बसेल ते पाहू लागली. तिने जागा ठरवली ती खिडकीखालच्या भिंतीलगत, जिथून २००५ साली पाणी आत आले होते.

त्या रात्री घरात भांडण झाले. ह्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. ते म्हणाले, “आपल्याला कुणी सांगितलं होतं? आणि तिला डोळे नाहीत? नदी समोर दिसते. सगळं कल्याण बुडालं होतं त्या दिवशी, ते काय गुपित आहे? तू सांगशील, ते दोन लाख कापतील, नाहीतर येणारच नाहीत. मग तिकडचं टोकन गेलं म्हणून समज.” सासूबाईंनीही त्यांचीच बाजू घेतली. म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची.” मला एकदम वडिलांची आठवण झाली.

माझे वडील शेतकरी. पौषात म्हसोबाच्या जत्रेला म्हशाला गुरांचा मोठा बाजार भरतो, तिथे ते बैल घेऊन जायचे. लहानपणी एकदा मीही बैलगाडीत बसून गेले होते. गुरांचा भाव बोलून करत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटे धरून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. वडिलांच्या एका बैलाला खोड होती. पाण्यात पाय घालायचा नाही, ओढा आला की बसकण मारायचा. वडिलांनी घेणाऱ्याला ती आधीच सांगितली, दहा माणसांच्या देखत. तो भाव पाडू लागला, तेव्हा वडिलांनी रुमाल टाकला. भाव रुमालाखाली आणि खोड उघड्यावर, अशी त्यांची रीत. मी घरी येताना विचारले, “का सांगितलंत?” तर म्हणाले, “त्याला पावसात ओढा ओलांडायचा असेल ना गं.” बस्स. पुण्य, पाप असे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. जवळपास बालवाडी कुठे आहे हे विचारायला तिने माझा नंबर घेतला होता. मी म्हटले, “काल मी तुला अर्धवट सांगितलं.” रेघ सांगितली, २००५ सांगितले, २०१९ सांगितले, आणि भिंतीवरची पुट्टी नवी आहे तेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांना विचारते.” आणि ती मंडळी पुन्हा आली नाहीत.

दलाल दोन आठवडे आमच्याशी बोलला नाही. ह्यांनी मला रागाने शब्दही काढला नाही, त्याचेच मला जास्त लागले. एप्रिल गेला. ज्यांचे घर आम्ही घेत होतो त्यांनी मुदत एक महिना वाढवली, पण जास्तीचे पैसे मागितले. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. भगिनींनो, खरे बोलल्यावर लगेच कोणी ओटी भरत नाही, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

मे महिन्यात एक शिवणकाम करणारे गृहस्थ बायकोला घेऊन आले. या वेळी मी चहा ठेवण्याआधीच बाहेर आले, कपाट पुढे ओढले आणि भिंतीवर हात ठेवून सांगितले की पाणी इथपर्यंत आले होते. ते हसले. म्हणाले, “मी इथलाच आहे, पाण्याला ओळखतो. माळा किती खोल आहे तो दाखवा.” त्यांना तिथे मशिनी मांडायच्या होत्या. त्यांनी हिशेब करून सोळा लाख पंचाहत्तर हजार सांगितले आणि त्यावर एक रुपया वाढवला नाही. पहिल्या बोलीपेक्षा पावणेदोन लाख कमी. जूनमध्ये नोंदणी झाली. त्यांनी पहिले काम केले ते असे: खोलीची जमीन भराव घालून वर घेतली, विजेची सगळी बटणे आणि मीटर रेघेच्या वर नेले, आणि कापडाच्या ताग्यांसाठी भिंतीत उंचावर फळ्या ठोकल्या. मला ते पाहून नवल वाटले. आम्ही सतरा वर्षे त्या रेघेवर रंग काढत बसलो, आणि त्यांनी तिला धरून घर नीट करून घेतले. सांगितलेल्या दोषावर इलाज होतो. लपवलेल्यावर कसा होणार?

पुढे मंडळाने कायद्याच्या माहितीचे व्याख्यान ठेवले होते, तुम्हाला आठवत असेल. त्या वकीलबाईंना मी नंतर गाठले आणि विचारले, की मी केले ते चांगुलपणापोटी केले, की ते मला करणे भागच होते? त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. (कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती, इतका जुना!) त्याच्या ५५ व्या कलमात म्हटले आहे, की करारात वेगळे काही ठरले नसेल तर विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा आपल्या मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगितला पाहिजे; जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि नेहमीची काळजी घेऊन पाहिले तरी ज्याचा घेणाऱ्याला पत्ता लागणार नाही. असा दोष न सांगणे ही कायद्याच्या नजरेत फसवणूक. त्याच कलमात आणखी एक ओळ आहे: घेणाऱ्याने मालमत्तेबद्दल काही विचारले तर आपल्याला असलेल्या माहितीप्रमाणे त्याला उत्तर द्यायचे. “पाऊस काय, सगळीकडेच असतो” हे त्या ओळीत बसत नाही, हे मला वकीलबाईंनी सांगायची गरज पडली नाही.

मी ह्यांचा मुद्दाही पुढे केला. नदी समोर दिसते, मग आम्ही का सांगायचे? त्या म्हणाल्या, हा प्रश्न अगदीच पोकळ नाही. जे डोळ्यांनी दिसते, ते पाहणे घेणाऱ्याचे काम आहे. फुटकी फरशी, अरुंद जिना, नदी, रेल्वेचा आवाज, हे सांगत बसायला नको. पण नदी दिसते म्हणजे पाणी घरात छातीपर्यंत येते हे दिसत नाही. आणि तुम्ही रेघ नुसती सांगितली नाही असे नाही, ती पुट्टीने बुजवली. १८७२ च्या करार कायद्यात नुसते गप्प बसणे आणि मुद्दाम झाकणे यांत फरक केला आहे. एरवी नुसत्या गप्प बसण्याला फसवणूक म्हणत नाहीत, पण ठाऊक असलेली गोष्ट हाताने झाकली तर म्हणतात. मी मनात म्हटले, रंग सणासाठी काढला तर तो रंग, आणि गिऱ्हाइकासाठी काढला तर ते झाकण. डबा तोच, कुंचला तोच.

मालकीहक्काचा दोष, म्हणजे कागदातला दोष, हा तर भिंतीतल्या दोषाहून वाईट. भिंत निदान ओलीचा वास तरी देते. आपल्या घराघरांतली गोष्ट सांगते. सासरे गेले, घर त्यांच्या कमाईचे, मृत्युपत्र नाही. भाऊ मिळून घर विकतात, आणि नणंदेची सही घ्यायचे “राहून जाते”. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून अशा घरात मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे. आपल्याला ते माहीत असते, कारण आपण स्वतःही कुठल्यातरी घरची मुलगी असतो. पण आपल्याच घराची विक्री असली की नणंदेचे नाव आपल्या ओठांवर येत नाही. उद्या ती नणंद कोर्टात उभी राहिली म्हणजे घेणाऱ्याची झोप गेली.

आणि डोंबिवलीचे तर तुम्ही ऐकलेच आहे. इमारती उभ्या राहिल्या, महापालिकेची म्हणून दाखवलेली परवानगी बनावट निघाली, त्याच कागदांवर महारेराची नोंदणीही झालेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडायला सांगितल्या. घेणाऱ्यांनी कागद पाहिले नाहीत असे नाही. त्यांनी पाहिलेले कागदच खोटे होते. त्या भजनाच्या दिवशी आपल्यातल्या एकीने मला विचारले, “तुमचं पाणी होतं, पावणेदोन लाखांवर भागलं. अशा इमारतीत ज्यांचं घर आहे त्यांनी खरं सांगितलं तर ते घर कुणीच घेणार नाही. मग त्यांनी काय करावं?” मी तेव्हा गप्प बसले. आजही मला मोठे उत्तर सुचत नाही. मी तिच्या जागी असते तर धीर धरला असता की नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एवढेच कळते, की नोटीस घरात येऊन पडल्यावर ती ट्रंकेत ठेवून घर दुसरीच्या गळ्यात घालणे म्हणजे आपले रडणे तिच्या घरी पाठवणे. तिचीही मुले शाळेत जात असतील, तिनेही पाटल्या गहाण टाकल्या असतील.

धोकादायक इमारतीचेही तसेच. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीला इमारत पडली आणि नऊ माणसे गेली. २० मे २०२५ ला आपल्या कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा माणसे गेली. खालच्या मजल्यांवरच्या लोकांना वर काय चालले आहे आणि तो स्लॅब किती पेलू शकतो, याची काय कल्पना असणार! महापालिकेची नोटीस आलेली असेल, इमारतीची तपासणी होऊन तिचा अहवाल सोसायटीच्या कपाटात पडला असेल, छताचे गज गंजून सिमेंट सुटलेले आपण वर्षभर कागदात गुंडाळून टाकत असू, तर ते सांगायलाच हवे. हे पैशावारी तोलायचे प्रकरण नव्हे.

कोणी म्हणेल, हे पुरुषांनी पाहावे, आम्हाला काय त्याचे? तर १ एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. त्यामुळे आता घरोघरी कागदावर बाईचे नाव चढले आहे. सूट घेताना आपण मालकीण झालो. मग विकताना “मला काही माहीत नाही, हे सगळं बघतात” असे कसे म्हणता येईल? खाली सही आपलीही असते, अंगठ्याचा ठसा आपलाही असतो.

आता एक गोष्ट उरली. ती मी भजनाच्या दिवशी सांगितली नव्हती, आणि ह्यांनाही अजून सांगितलेली नाही. स्मरणिका छापून आली की कळेलच.

त्या शिवणकाम करणाऱ्या गृहस्थांना मी पुराची रेघ दाखवली खरी, पण मोरीचे सांगितले नाही. बाहेरचा चेंबर तुंबला की पूर नसतानाही, साध्या जोराच्या सरीला, मोरीतून घाण पाणी उलटे आत यायचे. मी जून ते सप्टेंबर रात्री मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबून त्यावर पाटा ठेवायची. हे मी विसरले होते असे नाही. एक गिऱ्हाईक हातचे गेले होते, पाटल्या गहाण होत्या, आणि मनाने म्हटले, एवढे मोठे सांगितले, आता हे बारकेसे राहू दे. मोठे सांगितल्याच्या पुण्याईखाली मी धाकटे झाकले.

जुलैत त्यांच्या बायकोचा फोन आला. रागावून नव्हे, तिने विचारले, “ताई, तुम्ही इतकी वर्षं मोरीचं काय करत होतात?” म्हणजे मला ठाऊक होते हे तिने धरूनच चालले होते! मी दुपारी तिच्याकडे गेले. नव्या कापडाचे दोन तागे भिजले होते. मी तिला बोळ्याचे आणि पाट्याचे सांगितले, आणि मला हे आधीपासून ठाऊक होते हेही सांगितले. तिने मला पाणी दिले, चहा मात्र विचारला नाही, आणि ते बरोबरच होते. मग प्लंबर बोलावला. पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटे आत येऊ न देणारी झडप मिळते, एनआरव्ही म्हणतात तिला; ती बसवायला मजुरीसकट चार हजार दोनशे रुपये लागले. सतरा वर्षे मी बोळा कोंबत होते आणि इलाज इतक्या पैशांत होता! निम्मे पैसे मी दिले, माझ्या भिशीच्या रकमेतून. भिजलेल्या ताग्यांचे ती घेईना. आता सणावाराला पोलक्याचे कापड मी तिच्याकडेच नेते. ती माप घेते, शिवण सुबक असते, पण मोरीचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

घेणाऱ्या बायकांसाठीही दोन शब्द, कारण आज विकणारी उद्या घेणारी असते. घर पाहायला एकदा तरी पावसात जा. कपाटामागे पाहा, सिंकखाली हात घाला. चार भिंतींपैकी एकच नव्या रंगाची असेल तर कारण विचारा. सोसायटीच्या चिटणिसांकडे इमारतीची तपासणी झाली का आणि कर, देणी थकली आहेत का ते विचारा. सूची क्रमांक दोनचा उतारा सरकारच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो, मुलांकडून पाहून घ्या. आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईशी पाच मिनिटे बोला. दलाल तासभर जे बोलत नाही ते ती पाच मिनिटांत सांगते. प्रश्न नेमका विचारा. “घर कसं आहे?” असे विचारले तर “छान आहे” असेच उत्तर मिळणार. “शेवटचं पाणी कधी भरलं होतं आणि कुठपर्यंत?” असे विचारले तर समोरच्या बाईला टाळणे कठीण जाते. मला त्या मुलीने एवढे विचारले असते, तर पहिल्याच दिवशी माझी जीभ वळली नसती.

ती मुलगी मला मागच्या वर्षी भेटली. स्टेशनच्या बाहेर भाजी घेत होती, मूल आता चांगले चालते, तिच्या पदराला धरून उभे होते. मीच हाक मारली. त्यांनी पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर घर घेतले म्हणाली. मी म्हटले, “बरं झालं, पाण्याची भीती नाही.” तशी ती हसली आणि म्हणाली, “वहिनी, तिथे नळालाच पाणी नाही. दिवसाआड तासभर येतं, उन्हाळ्यात टँकर. आम्ही पावसाचं खोदून खोदून विचारलं, नळाचं विचारायचं सुचलंच नाही. आणि त्या बाईंनीही सांगितलं नाही.”

मी तिला कोथिंबिरीची जुडी निवडून दिली आणि घरी आले.